उष्टं पाणी

प्रिय ऋषिकेश,

तू पाठवलेला अंक मिळून सहा महिने झाले. भौतिकशास्त्राचा इतिहास आणि तत्त्वज्ञान एवढ्याच विषयाचं नियतकालिक निघतं, हे आमच्या घरात तुझ्यामुळेच कळलं. तुझ्या लेखात आपलं नाव आहे म्हटल्यावर बाबांनी कर्जतहून खाकी कागद आणून अंकाला कव्हर घातलं. भिवपुरीच्या क्वार्टरमध्ये येईल त्याला ते ‘मालोजी’ इंग्रजीत कसं दिसतं ते दाखवू लागले.

तू जेवायला आला होतास, तो दिवस आठवतो? होणारा जावई म्हणून बाबा खुशीत होते. वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्याने आमच्या खाचरांत येतं, त्याला आमच्याकडे उष्टं पाणी म्हणतात; आधी मशीन जेवतं, मग आम्ही, असं ते हसत म्हणाले. तू वही काढलीस. मग त्यांनी तांब्या उंच धरून वाटीत धार सोडली आणि म्हणाले, “पाणी हाय तेवढंच ऱ्हातं. पडायची उंची तेवढी मशीन खातं.” मी बी.एस्सी.ला तीन वर्षं जे शिकले, ते त्या धारेत होतं.

लेखात तू फक्त उष्टं ठेवलंस. एकतीस वर्षं टर्बाइनवर काम करूनही हा माणूस समजतो की यंत्र पाण्यातलं सत्त्व खातं. विज्ञानाच्या शेजारी राहूनही विज्ञान न शिवलेल्या मनाचा हा नमुना, असं लिहिलंस. तळटीपेत माझे आभार. बाबा मराठीत वाचून दाखव म्हणायचे, तेव्हा मी हे वगळून, तांब्याचं वाक्य मधे घालून वाचायचे. घरात शिकलेली मी एकटी, संशय कुणाला येणार?

गेल्या महिन्यात बाबा निवृत्त झाले, त्या निरोप समारंभाला त्यांनी अंक स्वतः नेला आणि शेजारच्या सुरभीच्या हातात दिला. ती इंग्रजी शाळेतली. तिने जे होतं ते मराठीत सांगितलं. बाबांच्या बरोबरीने टर्बाइनवर असलेले मोरूकाका म्हणाले, “मालोजी, एवढी वर्सं मशीनला जेवू घालत व्हतास होय रं?” सगळे हसले. बाबाही हसले.

घरी येऊन मी सांगितलं, तुमचंच बरोबर होतं, त्याने ते गाळलं, मी संपादकांना लिहिते. बाबा म्हणाले, “इतके दिस खोटं वाचलंस गं. आता खरं बोलतेस, ह्ये कशावरनं?”

लग्नाचं तू पुन्हा बोलला नाहीस. मीही विचारत नाही. हे पत्र बाबांनी लिहायला लावलं आहे, समोरच बसले आहेत. तुझ्यासारख्या प्रोफेसरला नीट उत्तर देता आलं नाही याची त्यांना लाज वाटते. मशीन पाण्यातलं नेमकं काय घेतं, ते तू मराठीत, तुझ्या अक्षरात लिहून पाठव. ते पाठ करणार आहेत. माझ्याकडून ते घेत नाहीत.

शोधायला लांब जाऊ नकोस. त्या दिवशीची वही काढ. मी शेजारी बसले होते. ते वाक्य तू उतरवून घेतलं होतंस.

तुझ्या तळटीपेतली,
हर्षला