गाडीवर कव्हर घालू नये

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, निवृत्त लघुलेखिका, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शाईच्या पेनाने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. सल्ले पुष्कळ दिले, ते मी घेतलेले नाहीत. सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. "काळजीचं काही कारण नाही," असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते. म्हणून मीही कागद काढला.

१. घर माझ्या नावावर आहे. माझ्यानंतर माझी नणंद, म्हणजे वन्सं, हयात असेपर्यंत इथेच राहतील. "एकटीला एवढी जागा कशाला?" असे त्यांना कोणी विचारू नये. त्यांच्यानंतर घर माझ्या मुलाचे.

२. बँकेतल्या ठेवी मुलाच्या. मुलगा वाईट नाही. फक्त सर्वज्ञ आहे.

३. गाडी. हे कलम लांबेल, कारण भांडण याच्यावरूनच होणार.

माझ्या यजमानांनी एक गाडी घेतली होती. रविवारी कव्हर काढायचे, गाडी पुसायची, कव्हर घालायचे. "चालवली की झिजते," म्हणत. मी लायसन्स काढले तेव्हा म्हणाले, "पुढच्या वर्षी चालव." असे बावीस वर्षे पुढचे वर्ष होते. शेवटी गाडी उभ्या उभ्या कुजली. टायरला तडे, टाकीत गंज आणि वर कव्हर मात्र नव्यासारखे. शाळेत आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, "मशीन कपाटात ठेवलंस तर मशीन तुला विसरेल." चौदाव्या वर्षी मला ते हसण्यावारी न्यावेसे वाटले. साठाव्या वर्षी पटले.

यजमानांच्या माघारी, गेल्या वर्षी, मी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी घेतली, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. विकणारा अत्तर फवारून आला होता.

"एकाच बाईंनी वापरलीय मॅडम. फक्त बाजारात जायला."

"बाजार कुठल्या देशात होता?" मी विचारले.

"आणि गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही."

"कोणाच्या आयुष्यभर?"

त्याने किल्ल्या पुढे केल्या. आमच्या मेकॅनिकने ते तेल काढले, तेव्हा ते घोटलेल्या काजळासारखे खाली पडले. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, ही गाडी नाही, उत्खनन आहे." पुढे तो आला तेव्हा सिग्नलला इंजिन आपोआप थांबले. "बघ, बंद पडली!" म्हणून ओरडला आणि दार उघडून खाली उतरला. सिग्नल सुटला, मी बॅटरीवर बिनआवाज पुढे गेले. त्याला दोनशे पावले चालत यावे लागले. सर्वज्ञांना व्यायाम चांगला.

आता वन्संबद्दल. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून मला पहिली दहा वर्षे त्यांनी "मॅडम" म्हणून हाक मारली, तीही पाहुण्यांसमोर. ते मी विसरलेले नाही. गाडीत त्या मागे बसत. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे, तिथून मोठी बॅटरी थंड व्हायला हवा आत ओढते. आमच्या घराची रीत अशी की वस्तू दिसली की झाकायची, फट दिसली की बुजवायची. चैत्राच्या उन्हात, घाटाच्या चढावर, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि गाडीने मान टाकली. मागे बघते तर जाळीत शाल कोंबलेली.

"वन्सं, हे काय?"

"तिथून काहीतरी ओढत होतं गं. फट होती, बुजवली. तुझं पेट्रोल वाया जायला नको."

"खऱ्या शोभता भावाची बहीण!" गाडी उचलून न्यायला आलेल्या माणसासमोर मी हे बोलले. ही माझी चूक आणि ती मी इथे लेखी कबूल करते.

अकरा दिवस अबोला होता. बाराव्या दिवशी सकाळी बघते तर वन्सं गाडीत मागे गुडघ्यांवर, चष्मा कपाळावर, हातात ती जाळी, आणि ब्रशने धूळ झाडताहेत.

"जुना ब्रश घेतलाय," त्या म्हणाल्या.

"तो माझा. आज सकाळी दात घासलेत मी त्याने."

हसता हसता आम्ही दोघी तिथेच बसलो. मग जाळी उजेडात धरून त्या म्हणाल्या, "दादाची गाडी एवढी झाकून ठेवली, तरी गेलीच ना गं."

त्यानंतर जाळी त्यांच्याकडे. स्टिअरिंगही हळूहळू त्यांच्याकडे आले. गेल्या महिन्यात, दुसऱ्या खेपेला, त्या लायसन्सची परीक्षा पास झाल्या. पहिल्या खेपेला परीक्षकालाच त्यांनी "पट्टा लावा आधी" म्हणून झापले होते.

काल मुलगा म्हणाला, "ऑपरेशन होईपर्यंत कव्हर घालतो. मग विकून टाकू. आत्या काय चालवणार?"

"तुला चालायला मी शिकवलंय रे," वन्सं म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. म्हणून लिहिते:

गाडी, दोन्ही किल्ल्या आणि गाडीच्या देखभालीची माझी नोंदवही वन्संना. ही गाडी उभी राहिली तर मरते. आधी छोटी बॅटरी बसते, मग मोठी. म्हणून आठवड्यातून दोनदा, निदान अर्धा तास, निमित्त असो वा नसो, चालवावी. जाळी महिन्यातून एकदा, ब्रश वेगळा. ब्रेक कमी झिजतात म्हणून विसरू नये, त्यांच्या पिना अडकतात, वर्षाला ग्रीस लावून घ्यावे. सल्ला मेकॅनिकचा घ्यावा, नातेवाइकांचा नव्हे.

४. यजमानांच्या गाडीचे कव्हर, तीन थरांचे, आतून मऊ, माझ्या मुलाला. त्याने ते स्वतःच्या कुठल्याही वस्तूवर घालावे.

५. साक्षीदार. मी हे लिहीत असताना स्वयंपाकघरातून आवाज आला.

"वहिनी, साक्षीदार लागतात ना? मी करते सही."

"तुमची नको."

भांडे आपटले. "बरोबरच आहे. या घरात माझी सही लागलीय कधी कशाला!"

वकीलबाईंनी बजावले आहे की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. वन्सं, कारण एवढेच. आज मुद्दाम सांगितले नाही. सांगितले असते तर तुम्ही रडला असता, आणि सोमवारी सकाळी मला हॉस्पिटलात तुम्ही नेणार आहात. गाडी चालवताना डोळे कोरडे लागतात.

सही: (माझी)

साक्षीदार: १. मेकॅनिक. त्याला मी काही ठेवलेले नाही, म्हणून त्याची सही चालते. २. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यीण.
दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली.

ठिकाण: आमचे जेवणाचे टेबल.
दिनांक: १४ नोव्हेंबर, शनिवार. मीटरवर ३,०१,४१२ किलोमीटर. सोमवारी यात हॉस्पिटलपर्यंतचे नऊ मिळवावेत.