चुडा भरायचे हात

५ नोव्हें., बुध.
पुन्हा इंदापूर-बारामती. डॉक्टरांच्या पेटीत दोन्ही हात, डोळ्यांवर काळा चष्मा, जांभळा उजेड. मिनिटभरही नाही, पण अर्धा दिवस एसटीत गेला. आठवड्यातून तीनदा हेच. डॉ. म्हणतात, "जुना इसब आहे, घाई करू नका." तुळशीची लग्नं लागली की बांगड्यांचा हंगाम. मणियारीणच हातमोजे घालून बसली तर गिऱ्हाईक येतंय कशाला!

१० नोव्हें., सोम.
काल शालनवहिनी आल्या. त्यांच्या प्रियाचं लग्न ३० ला. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा पहिला चुडा भरला तो यांच्याच हातात. म्हणे, "भाभी, लागट न्हाय ना ओ? पावनी इचारत्यात." नाही, इसब कुणाला लागत नाही म्हटलं, शंभरदा म्हटलंय. "तसं न्हाय, पर चुडा भराया तुमच्या जावंला पाठवलं तरी चालंल." चहा तसाच ठेवून गेल्या. नंतर रडले.

१९ नोव्हें., बुध.
फरक आहे. खरंच. अंगठ्याच्या भेगा बुजल्या, खाज कमी. दुकानात मोजे काढून बसले. प्रिया आली नि सरळ म्हणाली, "चुडा तुमीच भरायचा. आईला मी बघते." तिच्या पंजाकडं नजर गेलीच. सव्वादोनची बांगडी, आरामात.

२१ नोव्हें., शुक्र.
निघताना सासूबाईंनी बावचीचं तेल आणलं. "कोडाला लावून उनात बसवत्यात. तुझ्या त्या उजेडाबरूबर दुप्पट लागंल." मायेनं चोळून दिलं. मलाही पटलं. पेटीत हात घातले, येताना खिडकीत ऊन होतं तिथंच बसले.

२३ नोव्हें., रवि.
हात पेटलेत. बोटांवर फोड, तळव्यावर पण. पाण्यात धरून बसले. प्रियाचं लग्न...

२४ नोव्हें., सोम.
डॉ. "काय लावलं होतं?" सांगितलं. कपाळाला हात लावला त्यांनी. बावचीनं कातडी उजेडाला जळते म्हणे. मशीन बंद. आधी हे भरून यायला हवं, मग पुन्हा पहिल्यापासून. कधी? "बघू." घरी तेलाचं नाव काढलं नाही, पण सासूबाईंना कळलंच. जेवल्या नाहीत. राग येतो त्यांचा, आणि त्यांच्याकडं बघवतही नाही.

२९ नोव्हें., शनि.
प्रियानं ऐकलं नाही, मलाच बोलावलं. जाऊबाईंना सोबत नेलं. पट्टी सोडून बसले. दोन बांगड्या चढल्या. तिसरीला तिचा पंजा दाबला आणि माझा फोड फुटला. तिच्या हातावर ओल. शालनवहिनींनी पदरानं तिचा हात पुसला. पोरीनं हात मागं घेतला नाही, "भरा की भाभी," म्हणाली. मीच सोडला. उरलेला चुडा जाऊबाईंनी भरला. मी लांबून बांगड्या दिल्या, कागदावर ठेवून.

१ डिसें., सोम.
आज बारामतीचा वार. गेले नाही. दुकानात एक लेकुरवाळी आली. सवयीनं माझा हात पुढं झाला. तिनं बघितलं, आणि आपला हात जाऊबाईंपुढं धरला.