गूळ वाढला, दारू घटली

१४ जानेवारी १९७६, संक्रांत
निश्चय: रोज लिहायचं आणि खरंच लिहायचं.
जिल्हा कोरडा झाला, ठेक्याच्या दुकानाला कुलूप लागलं आणि गावाच्या दारूबंदी समितीचा चिटणीस कोण झालं? मी. साधा किराणा दुकानदार, पण गावात शिकलेला माणूस दुसरा नाही. (मास्तर आहेत, पण ते बाहेरगावचे.)
तालुक्याहून निरोप आला. दोन ऑक्टोबरला वर्ध्याला मोठा कार्यक्रम. ज्या गावातून दारू हटली त्याच्या चिटणिसाचा स्टेजवर सत्कार, शिवाय छोटं भाषण. विषय मी लगेच ठरवला: 'देशातील दारूचा पुरवठा: काल, आज आणि उद्या'. गावापुरतं बोलणं मला जमत नाही.
दुकानातला गूळ संपला. सणच तसा आहे.

२९ जानेवारी
गूळ पुन्हा संपला. संक्रांत केव्हाच गेली, पण लोकांच्या तोंडात गोडवा राहिलेला दिसतो. हिंगणघाटहून दुप्पट माल मागवला. अडत्याकडे चांगला नव्हताच, काळा, पाझरलेला होता. भीत भीत घेतला. तोच आधी उचलला गेला. गिऱ्हाईक साधं झालंय, रंगरूप बघत नाही.

१२ फेब्रुवारी, दुपार
भाषणासाठी रिसर्च सुरू. आजोबांच्या काळी मोहाची, घरोघरी. मग इंग्रजाने भट्ट्यांचा लिलाव केला. मग ठेका, मग सीलबंद बाटली. आता शून्य.
पण शून्य सिद्ध करायला सायन्स लागतं. भंगारवाल्या ओमप्रकाशला विचारलं, रिकाम्या बाटल्या किती मिळतात. तो म्हणाला, पूर्वी पोतं भरायचं, आता एक मिळत नाही, धंदा बसला. मी त्याचं अभिनंदन केलं. त्याला ते आवडलं नाही.
जाता जाता म्हणाला, आजकाल लोक सायकलच्या जुन्या ट्यूबा मागतात, मिळतील तेवढ्या. त्याचा विषयाशी संबंध नाही.

१६ मार्च, धुळवड
गावात बरेच लोक गात होते. काही पडत होते. भांग असणार. भांग म्हणजे दारू नव्हे, कायदा मला पाठ आहे.
धाकटा भाऊ रूपराव नाल्याकाठी आडवा सापडला. ऊन लागलं असेल. पूर्वी तो ठेक्यासमोर पडायचा. आता ठेक्यासमोर पडत नाही. ही सुधारणाच म्हणायची.
त्याच्यासाठीच तर मी हे चिटणीसपद घेतलं. आईला शब्द दिला होता, रूपरावला माणसात आणीन म्हणून.
गूळ: पुरणपोळ्या.

९ मे
सौ.ने आज विनाकारण डोकं खाल्लं. गुळाची पोती उतरत होती, तर सगळ्यांसमोर म्हणते, "एवढा गूळ खाते कोन? गावात मानसं रायतेत का मुंग्या?"
मी शांतपणे समजावलं की दारू सुटलेल्या माणसाला गोड लागतं, डॉक्टरही सांगतात. तिने विचारलं, कोणते डॉक्टर. मग म्हणाली, नवसागर कशाला खपतो एवढा? मी म्हणालो, कल्हईला. दारूचा खर्च वाचला, लोक भांडी चकचकीत ठेवायला लागले. ती म्हणाली, कल्हईवाला गावात फिरकून वर्ष झालं.
लीलाबाई स्वभावाने चांगली आहे, पण तिला स्टॅटिस्टिक्स कळत नाही.
तरी ठरवलं: उद्यापासून नवसागर देण्याआधी गिऱ्हाइकाला कारण विचारायचं. चिटणीस म्हणून ते माझं कर्तव्य आहे.

१० मे
विचारलं. गिऱ्हाईक हसलं. मग मीही हसलो. दिला. असं सारखं विचारणं बरं दिसत नाही.

२५ ऑगस्ट, पोळा
बैलांना गूळ. म्हणजे आजचा हिशोब तरी लागला.
रूपराव पार बदलला. रोज बंडी जुंपतो आणि नाल्यापलीकडच्या शेतकऱ्यांना गूळ पोचवतो. सतत वेलची चघळतो, त्यामुळे तोंडाला वासही छान येतो. नाल्यापलीकडे नेमके कोणते शेतकरी, हे मी विचारलं नाही. त्याचा उत्साह मोडायचा.

११ सप्टेंबर
सत्कार पक्का! कोट शिवायला टाकला. तराजूसमोर उभं राहून भाषण पाठ करतो. गिऱ्हाइकं थांबून ऐकतात. एक-दोघं डोलतातसुद्धा.

१ ऑक्टोबर
सकाळी फौजदारांची जीप आली. नाल्यापलीकडे छापा घालायचा होता आणि पंच म्हणून गावातला प्रतिष्ठित माणूस हवा होता. अर्थातच मी. नवा कोट घालून गेलो.
तुरीच्या आड ड्रम, चूल, रबरी नळी. सडलेल्या गुळाचा वास, नवसागराच्या पुड्या. दारूने तट्ट भरलेल्या सायकलच्या ट्यूबा. बाजूला रिकामी पोती पडलेली, आणि पोत्यांवर निळ्या रंगात माझ्या दुकानाचा शिक्का. फौजदारांनी विचारलं, गूळ कुठला. पंचाने खरं बोलायचं असतं. मी म्हणालो, चांगल्या दुकानाचा आहे.
चुलीत लाकूड सारत रूपराव बसला होता. बाकीचे पळाले, तो पळाला नाही. मी त्याला विचारलं, असं कसं केलंस. त्याला खरंच नवल वाटलं होतं.
"दादा, मले वाटलं तुमाले मालूम हाय," तो म्हणाला. "सारा गाव मनते, अण्णाजी चिटनीस हाय मनून तं आपली भट्टी चालून राह्यली."
फौजदारांनी पंचाच्या जागेवरचं माझं नाव खोडलं आणि मास्तरांना बोलावणं धाडलं.

२ ऑक्टोबर
वर्ध्याला गेलो. जीपने, रूपरावशेजारी बसून. मंडपावरून गेलो तेव्हा लाउडस्पीकरवर कोणीतरी दुसराच बोलत होता. बरा बोलत होता.
वाटेत रूपरावचे हात कापत होते. काल सकाळपासून त्याला दारू मिळाली नव्हती. मी ते हात धरून ठेवले. आईची आठवण आली आणि फार लाज वाटली.

४ ऑक्टोबर
मला जबाब घेऊन सोडलं. रूपराव आतच आहे.
दुकान उघडलं. सौ.ने चहा दिला. दिवसभरात गुळाला एकच गिऱ्हाईक आलं, मास्तरांची बायको. पावशेर नेला.