जिन्याचं कार्ड

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात. टेबलाशी वाकून वाकून पाठ आखडली आहे.)

पाकीट बघून दचकू नकोस. आई बरी आहे, म्हणजे होती तशीच आहे. फोनवर तुझ्याशी मोकळं बोलता येत नाही. घर दोन खोल्यांचं, कुठेही उभी राहिले तरी तिला ऐकू जातं. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून तिला समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येतात आणि तिथून माघारी फिरतात. उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. आपल्याविषयी बोलणं चाललंय आणि आपल्याला मध्ये तोंड घालता येत नाही, हे आईसारख्या बाईला केवढं लागत असेल! मी फोन ठेवेपर्यंत ती भिंतीकडे वळलेली असते. म्हणून आता पत्र.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, रोजच्या वस्तूंची चित्रं काढून कार्डं करा, हवं ते त्या बोटाने दाखवतील. मला हसूच आलं. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढून पोट भरणाऱ्या बाईला गृहपाठ काय, तर पेला काढा! तरी हौसेने बसले. पेला, गोळी, पंखा, उशी, खिडकी, दार. पुढे चालण्याचा सराव जिन्यावर घ्यायचाय म्हणून जिनाही काढला. आपलाच, वळणावर कठडा वाकलाय तो.

आईने बाकीची सगळी कार्डं सारली आणि जिन्याचं तेवढं धरून ठेवलं. जेवतानाही सोडत नाही. माझ्यासमोर धरते, बोट आपटते. खाली जायचंय का, असं विचारलं तर आधी हो, मग नाही. तिच्या हो आणि नाहीची अजून अदलाबदल होते. कोणी येणार आहे का, असं विचारलं तर रडायलाच लागली. मामा, तिला एकच काहीतरी सांगायचंय आणि ते मला कळत नाहीये. मी चित्रांतून गोष्टी सांगते असं जगाला सांगत फिरते, आणि आईची एका चित्राची गोष्ट मला वाचता येत नाही.

हाती घेतलेलं पुस्तकही शेवटच्या पानावर अडलंय. त्यात एकही शब्द नाही, सगळी चित्रंच. संपादकबाई अजून गोड बोलतायत, म्हणजे काळजीचंच आहे.

तू कधी येतोस? झटका आल्यापासून एकदाही आला नाहीस. रागावले नाहीये, विचारतेय.

लोभ आहेच; तो घेऊन प्रत्यक्ष ये.
तुझी,
रेघोटी


९ मार्च

चि. रेघोटीस,
अनेक आशीर्वाद. (एरवी अनेक उत्तम आशीर्वाद लिहितो. उत्तम तेवढे सध्या ताईकडे वळवले आहेत, तू नुसत्या अनेकांवर भागव.)

पत्र पोचलं. शाईत पाय बुडवून मुंगी पळाल्यासारखं तुझं अक्षर अजून तसंच आहे, हे पाहून जगात काहीतरी टिकून आहे असा दिलासा मिळाला.

चित्रकलेत माझा अधिकार किती ते तू जाणतेस. मागे एकदा फळ्यावर हत्ती काढला, तर वर्गाने एकमताने त्याला किटली ठरवलं. पण गोष्टीतलं थोडं कळतं. तू पाटीवर रेघोट्या ओढायचीस त्या वयाची असताना मी तुला गोष्ट सांगायचो आणि ऐन मोक्यावर चष्मा पुसायला घ्यायचो. चष्मा मुळीच मळलेला नसे. पुढचं सुचलेलं नसे. दोरीला लोंबणारी ती भिंगं मी सदऱ्याच्या टोकाने घासत बसायचो आणि तेवढ्यात तू पुढचं काढून मोकळी व्हायचीस. राक्षस दाराशी आला, इथवर मी आलेलो असायचो. तुझ्या पाटीवर राक्षस नसायचाच. रिकामा बिछाना आणि उघडी खिडकी. ताई म्हणायची, पोरीला राक्षस जमत नाही. मी म्हणायचो, पोरीला गोष्ट जमते. पुढे तू नावारूपाला आलीस आणि मुलाखतीत कोणीतरी तुला प्रेरणेविषयी विचारलं, तेव्हा तू झाडं, पक्षी, आकाश असं बरंच काही सांगितलंस. माझ्या चष्म्याचा उल्लेख राहिला. असो. मी ते मनात ठेवलेलं नाही, पत्रात ठेवतो आहे.

जिन्याचा फार विचार करू नकोस. ताई जन्मात कधी घरात स्वस्थ बसली नाही. तिला बाहेर पडायचं असेल, दुसरं काय.

येण्याचं म्हणशील तर परीक्षा तोंडावर आहेत. त्यात शाळेने माझा वर्ग वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला. मुलांनी विचारलं की सरांची पदावनती झाली का. मी सांगितलं, ज्ञान उताराकडे वाहतं. या गडबडीत छत्री वरच राहिली आणि आणायला जाणं होत नाही. ऊन-पाऊस काही नसलं तरी हातात छत्री नसली की मला सदऱ्याला बाही नसल्यासारखं वाटतं, हे तुला ठाऊक आहेच.

लोभ असू दे. तो वाढवण्याआधी स्वतःचं वजन वाढव.
तुझा,
मामा


१५ मार्च

ती. मामास,
नमस्कार. आज कंसात काही नाही.

काल फार घाबरलो. आई जिन्याचं कार्ड सोडत नाही हे चालण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्टना सांगितलं. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, इच्छा आहे तर आजच सुरू करू. कमरेला पट्टा बांधून, एका बाजूने त्या, दुसऱ्या बाजूने मी, असं तिला दाराबाहेर काढलं. एकेक पायरी करत वळणापर्यंत आली. वाकलेल्या कठड्याशी थांबली, आणि तिथेच खाली बसली. डावा तळवा छातीवर ठेवला, तोंड उघडून धापा टाकल्या आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी किंचाळलेच. शेजारचे धावले, खुर्चीत घालून तिला खाली नेलं, तिथून हॉस्पिटल. कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, हृदय तरुण मुलीसारखं आहे, उगाच कशाला घेऊन आलात. आई खाटेवरून माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, जशा नजरेने मी गणितात नापास होऊन आले होते तेव्हा बघितलं होतं.

घरी आल्यापासून तिने प्रयत्नच सोडलाय. व्यायामाला हात देत नाही, दोन घासांवर तोंड फिरवते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हेच महिने महत्त्वाचे आहेत. आता मन उडालं तर जे परत येऊ शकतं तेही येणार नाही. मामा, ती सांगून सांगून थकलीये. मला कळलं नाही तर ती गप्प होईल ती कायमचीच, ही भीती मला कामाच्या टेबलाशी बसू देत नाही.

तुझं पत्र वाचून दाखवलं. उत्तम आशीर्वादांवर हसली, किटलीवर हसली. परीक्षा तोंडावर आहेत, इथे आले तर तिने डाव्या हाताने कागद माझ्या हातातून ओढून घेतला. तुला भेटायची तिला केवढी ओढ आहे बघ.

लोभ राहू दे, तू ये.
रेघोटी


१९ मार्च

चि. रेघोटीस,
अनेक आशीर्वाद.

ताईचं हृदय ठणठणीत निघालं हे वाचून आनंद झाला. मला कधी शंका नव्हती. आमच्या आईवडिलांनी चांगलं हृदय एकच बनवलं आणि ते थोरलीला देऊन टाकलं.

एक सुचवतो. ते जिन्याचं कार्ड काढून टाक. तिला दिसणार नाही असं ठेव. त्याच्यापायी तिच्या जिवाला आणि तुझ्या जिवाला घोर लागला आहे. दुसरं काहीतरी प्रसन्न काढ. पक्षी काढ. तुला पक्ष्यांपासून प्रेरणा मिळते असं छापून आलेलं आहे.

मी येईन. कधी, ते लिहीत नाही. लिहिलेली तारीख मोडली की व्याकरणाच्या मास्तरला जास्त लागतं.

लोभ आहे तसा असो.
मामा


२५ मार्च

मामा,

नमस्कार-आशीर्वादांची देवघेव आज बाजूला ठेवू.

तुझं ऐकून मी कार्ड खणात टाकलं. आईने त्या दुपारी पाण्याचा पेलासुद्धा ढकलून दिला. काय करावं कळेना म्हणून टेबलाशी जाऊन बसले. एखादं पान जमेना की मी त्याच्या आधीचं पान काढते, ही माझी जुनी सवय. प्रत्यक्ष घडतं ते मी काढतच नाही. पेला फुटताना काढत नाही. टेबलाच्या काठावर आलेला काढते आणि पुढच्या पानावर पुसलेली फरशी. मधलं मुलांनी पान उलटता उलटता आपलं आपण घडवायचं. हे झाडापक्ष्यांनी नाही शिकवलं, तुझ्या चष्म्याने शिकवलं. आता छापून आलं असं समज.

तर बसल्या बसल्या लक्षात आलं की जिन्याच्या कार्डावर माणूसच नव्हता. मी नुसती जागा काढली होती. आईने त्या जागी बसून दाखवलं, छातीवर हात ठेवून दाखवलं, धाप लागून दाखवली, आणि आम्ही शहाणी माणसं तिलाच तपासायला घेऊन गेलो! नाटकात मेलेल्या नटाला उचलून प्रेक्षकांनी हॉस्पिटलात न्यावं तसं.

मोठा कागद घेतला. तीन चौकटी आखल्या. पहिल्या चौकटीत रिकामा जिना. दुसरीत तोच जिना, वळणावर कोणीतरी बसलेलं, छातीवर हात. चेहरा नाही, केस नाहीत, बाई की पुरुष तेही नाही. तिसरी चौकट कोरी. आईच्या डाव्या हातात पेन्सिल दिली आणि हे कोण, एवढंच विचारलं.

तिने चित्रावर वाकून पाहिलं. मग त्या माणसाशेजारी एक रेघ ओढली. मला वाटलं कठडा. रेघेच्या टोकाला तिने आकडा काढला, छत्रीच्या मुठीसारखा. मग चेहऱ्यावर दोन वाकडी वर्तुळं, आणि वर्तुळांपासून मानेपर्यंत लोंबणारी दोरी. दोरीवर पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. मी तुझं नाव घेतलं. तिने पेन्सिल खाली ठेवली, पाठ टेकली आणि झटका आल्यापासून पहिल्यांदा शांत झोपली.

परीक्षा. तळमजल्यावरचा वर्ग. वरच राहिलेली छत्री. आईवडिलांनी एकच बनवलेलं हृदय. सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं आणि मी तुझ्या विनोदांवर हसत बसले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, एवढं साधं कारण मला दिसलं नाही. पण कार्ड काढून टाक, असं लिहिताना तुझा हात कसा चालला मामा? तिच्याकडे एकच शब्द उरला होता. तो तू मला काढून घ्यायला सांगत होतास.

लोभाचं नंतर बघू. आधी काय झालंय ते सरळ लिही.
रेघोटी


२९ मार्च

चि. रेघोटीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी उत्तमसुद्धा. लाच समजलीस तरी चालेल.

सरळ लिहितो. मी तुमच्याकडे शेवटचा आलो तेव्हा तू छापखान्यात गेली होतीस. निघालो आणि वळणावर छातीत असं काही आवळलं की बसावं लागलं. ताई वरून वाकून निरोप देत होती, तिने पाहिलं. खाली येऊन शेजारी बसली आणि मला अशा काही शिव्या घातल्या की त्यांतल्या दोन माझ्याही कोशात नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी तिने मला डॉक्टरकडे पिटाळलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या आहेत, शस्त्रक्रिया करावी लागेल, असं ठरलं. तारीखही घेतली. ताई येऊन माझ्याजवळ राहणार होती. तुझं पुस्तक पुरं होईपर्यंत तुला सांगायचं नाही, हा हट्ट माझा. तिला तो मुळीच मान्य नव्हता.

मग तिलाच झटका आला, आणि मी तारीख रद्द केली. ती बरी झाली की बघू, असं सगळ्यांना सांगितलं. ऐकायला फार थोर वाटतं. खरं म्हणजे ती बाहेर बाकावर बसलेली नसताना त्या टेबलावर आडवं व्हायची मला भीती वाटते. भीती वाटते. दोन शब्दांचं वाक्य, पण लिहायला तीन पत्रं लागली. कार्डाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. तिला बोलता येत नाही तोवर आपलं गुपित शाबूत आहे, असा विचार मी केला आणि स्वतःला तिचा धाकटा भाऊ म्हणवून घेत राहिलो.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन केला. पुढच्या आठवड्यात दाखल होतो आहे. आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर सोबत राहणार आहेत. तू यायचं नाहीस. ताईला एकटी ठेवून आलीस तर मी टेबलावरून उठून घरी जाईन.

सोबत कागद आहे, ताईला दाखव. मीही तीन चौकटी आखल्या. ड्रॉइंग मास्तरांनी हसायचं नाही अशी अट घालून त्यांची पट्टी घेतली. पहिलीत जिना आहे, पेटीच्या भात्यासारखा झाला आहे. दुसरीत खाट, खाटेवर मी, आणि दांडीला छत्री. शिपायाने वरून आणून दिली. तिसरी कोरी ठेवली आहे. ती ताईने भरायची. ती काय काढते ते बघून मग मी आत जाईन. तिला पुढे काय दिसतं आहे, ते मला आधी कळलेलं बरं.

लोभ मागण्याचा हक्क सध्या राहिला नाही, तरी सवयीने मागतो.
मामा


२ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि. (साष्टांग या वेळी खरोखर. पेन्सिल पलंगाखाली गेली होती.)

पत्र आईला सगळं वाचून दाखवलं, काही गाळलं नाही. शिव्यांच्या ठिकाणी तिने मान ताठ केली. मग कागद मांडीवर घेतला. जिना बघून हसली, खाट बघून हसायची थांबली. पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या चौकटीवर आणून तशीच धरली. टोक कागदापासून केसभर वर. काय काढेल, आणि ते तुला पाठवण्यासारखं असेल का, या धास्तीने मला तिच्या हाताकडे बघवत नव्हतं.

तिने काहीच काढलं नाही. पेन्सिल हातातून निसटली, ती मला शोधायला लावली. मग एका हाताने कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवला आणि पेन्सिलही पाकिटात कोंबली. मला कळेना. मामाने काढायचंय का, असं विचारलं. हो. तिच्या हो-नाहीचा भरवसा नाही म्हणून उलट फिरवून विचारलं, तू काढणार आहेस का. नाही. पुन्हा दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हो तिथे हो आणि नाही तिथे नाही. मग वैतागून तिने माझ्या हातावर चापट मारली, म्हणजे बरीच सुधारणा आहे.

तेव्हा तुझा कागद परत पाठवते आहे. तिसरी चौकट कोरीच आहे. पुढचं सुचत नसेल तर चष्मा पुसत बसायची मुभा नाही, असं मी माझ्या पदरचं घालते. पेन्सिल सोबत आहे, टोक करून दिलंय. चित्र किटलीसारखं आलं तरी चालेल, पण ऑपरेशन होऊन बरा झालास की ते घेऊन तू स्वतः यायचंस.

आई काल पोटभर जेवली. व्यायामाला हात दिला. खणातून जिन्याचं कार्ड काढायला लावून तिने ते दाराला आतून चिकटवून घेतलंय आणि खुर्ची त्याच्यासमोर. वळणावर बसायला मी एक स्टूल ठेवलंय. शेजारचे त्याला अडखळतात आणि मला नावं ठेवतात. ठेवू देत.

लोभ इथेच ठेवला आहे, तिसऱ्या मजल्यावर. दमादमाने वर येऊन घे.
तुझी,
रेघोटी