आतली कडी

हाइल, सौदी अरेबिया, ९ मार्च २०१७

प्रिय स्वानंद,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. इथली थंडी सरली, धुळीचे दिवस सुरू झाले.

हॉस्पिटलने माझं खलास केलं, नोकरी संपली. सगळीकडे इथल्याच लोकांना घेताहेत. माझ्या जागी येणाऱ्या मुलीला वॉर्डातलं सगळं शिकवते आहे. हुशार आहे पोरगी, तिच्यावर माझा राग नाही. पुढच्या शुक्रवारी मी कायमची घरी येते.

तुझं पुस्तक मिळालं. नॉर्वेच्या इंगा सोलहाउगबाईंचं चरित्र, आणि तेही माझ्या भावाने लिहिलेलं! प्लेगच्या काळातल्या एका खेड्यावर बाईंनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली मुलगी मरत्या आईला पेज भरवते, तो तू दिलेला उतारा वाचून मीही रडले. मग पुढचं पान उलटलं. ते प्रकरण लिहिताना बाईंची स्वतःची आई पलीकडच्या खोलीतून हाका मारत होती आणि बाईंनी आतून कडी लावली होती. तू याला साधना म्हणतोस.

आपली आई आजारी पडली तेव्हा मी रजेचा अर्ज दिला होता. तू फोनवर म्हणालास, "ताई, येऊ नकोस. आईला आराम आहे. तुझ्या वॉर्डातली मुन्नी रजेवर गेली नि तिला परत घेतलीच नाही, विसरलीस?" मी घाबरले, अर्ज मागे घेतला. पंधरवड्यात आई गेली. नोकरी आता तशीही गेलीच.

मी येतेय हे कळवायला परवा शेजारच्या रईसाभाभींना फोन केला, तर त्या रडायलाच लागल्या. "शोभना, तुझी आई पाणी मागत होती गो. भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी जाऊन स्वानंदची खिडकी ठोठावली. तो म्हणाला, 'चरित्र संपत आलंय, भाभी. आईला सवयच आहे हाका मारायची.'"

पुस्तक तू आईला अर्पण केलंस. 'जिने मला लिहिण्यासाठी शांतता दिली' असे शब्द आहेत तुझे. मला तुझी किळस आली, स्वानंद.

घर माझ्या नावावर आहे. घाबरू नकोस, तुला हाकलणार नाही. बाहेर कुठेतरी खोली घेऊन तू सुखाने लिहीत बसशील, ते मला नको आहे. मी आईच्या खाटेवर झोपणार. तहान असो वा नसो, तुला हाक मारणार आणि तू दर वेळी उठून पाणी घेऊन यायचंस. मी येण्याआधी सुताराला बोलावून तुझ्या खोलीची आतली कडी तेवढी काढून घे.

तुला जन्मभर पुरेल एवढा आवाज असलेली,
ताई