रस्त्यांच्या वहीतलं ‘निरंक’

सोम. ६ जाने.
दहाच्या ठोक्याला धर्मीबाई ग्रामपंचायतीच्या ऑफिसात. डोंगराच्या अंगाला ठाकूरवाडी आहे, तिथली. पंचायतीत न घाबरता बोलणारी एकटीच. फार्महाऊसवाल्याने वाडीच्या वाटेवर गेट बसवून कुलूप घातलंय. “सून आठव्यात हाय गं मॅडम. कळा आल्या तर डांबरीवर न्यायची कुठनं? ओहोळातनं?”
म्हटलं, वाट पंचायतीची असेल तर कुलूप संध्याकाळच्या आत उतरवते. ऐटीत रस्त्यांची वही काढली. वाडीपुढे लिहिलंय : निरंक. खाली ग्रामसेविका म्हणून सही माझी.

बुध. ८
आठवलं सगळं. रुजू झाले तो पहिलाच महिना, तपासणी तोंडावर. आधीच्या ग्रामसेवकाच्या वहीवरून जसंच्या तसं उतरवलं. तपासणीच्या साहेबांनी अक्षराचं कौतुकही केलं होतं. वाडीत पाऊल टाकलं नव्हतं मी तोवर.
आज धर्मीबाई परत. “निरंक म्हंजे काय?”
म्हटलं, काहीच नाही.
“मंग आमी इतकी वर्सं चाललो कशावरनं?”
लाज वाटली. खरंच वाटली. पण पेन माझं, चूक माझी, तर दुरुस्तीही मीच करणार. ग्रामसभेचा ठराव लागेल. तेवढं येतं आपल्याला.

शुक्र. १७
२६च्या सभेची नोटीस लावली. वाटेचा विषय पहिला. सरपंच हसत, “शंभर माणसं कुठनं आणाल मॅडम? गणपूर्ती नाय झाली तर सभा तहकूब.” आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यांचे आठ-दहा जण बसतील नि विषय फेटाळतील. फार्महाऊसवर त्यांचं येणं-जाणं असतं, लपून नाही. मीही हसले. नियम त्यांच्यापेक्षा मला जास्त पाठ आहेत. दुपारी वाडीत निरोप : झाडून सगळे या.

रवि. २६
झेंडावंदन छान. दहाला सभा. साडेदहा झाले, हजेरीवर बासष्ट, वाडीचं एक माणूस नाही. गेट बंद, म्हणजे ओहोळातून वळसा घालून येणार ते! वेळ दहाची ठेवताना हे डोक्यातच आलं नाही. गाढव मी.
सरपंच घड्याळ दाखवतायत. मग हजेरी मोठ्याने वाचायला घेतली. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, सावकाश. “हे काय चाललंय?” पडताळणी, म्हटलं. पन्नासावं नाव वाचून झालं आणि वाडी आली. साड्या गुडघ्यापर्यंत ओल्या, धर्मीबाई पुढे. सह्या, अंगठे, एकशे चौदा. ठराव मंजूर. सरपंचांनी चहा घेतला नाही. मी दोन कप घेतले.

सोम. २७
लाल शाईने ‘निरंक’ खोडलं. वर लिहिलं : वाडी ते डांबरी रस्ता, वहिवाटीची वाट. सही. बराच वेळ बघत बसले. गेटवाल्याला पत्र दिलं, कुलूप तसंच.

मंगळ. ४ फेब्रु.
तालुक्याहून, खालापूरच्या बीडीओ साहेबांची नोटीस. फार्महाऊसवाल्याची तक्रार : नोंद बनावट. तीन वर्षांपूर्वी निरंक, आज वाट, दोन्ही सह्या एकाच बाईच्या. खुलासा द्या. माझं नाव यंदा बढतीच्या यादीत आहे, तेही आत्ताच...
सरपंच गोडीत, “आधीच्याने फसवलं म्हना. तो रिटायर झालाय, त्याला काय फरक पडतो?” तासभर मोह झाला. खोटं कशाला लिहू.
शेवटी दोन ओळी : ‘जुनी नोंद मी जागेवर न जाता केली, ती चुकीची. नवीन नोंद बरोबर.’ अक्षर चांगलं आलंय.

बुध. १२
सुनावणी. धर्मीबाई स्कूटीवर मागे, खालापूरपर्यंत बडबड. साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. माझ्याकडे पाहिलं. निर्णय पंधरा दिवसांत कळवू, म्हणाले. धर्मीबाई उभी राहिली.
“सायेब, पोरीला सांगू का मंग, पंधरा दिस थांब म्हनून?”
साहेबांनी पेन खाली ठेवलं.
सुनेला नववा लागलाय. बढतीचं व्हायचं ते होवो. वहीत वाट आहे, आणि कोणी रद्द करेपर्यंत ती आहेच. उद्या सकाळी वही घेऊन त्याच वाटेने वाडीत जाणार. कुलूप दिसलं तर गेटसमोर हॉर्न वाजवत बसेन, उघडेपर्यंत.