सुधाच्या ताटातली अर्धी पोळी

वाशी, मंगळवार, १० नोव्हेंबर १९८१

गॅलरीतली माझी वेताची खुर्ची कन्येने जिंकून घेतली. राज्य गेलेल्या राजाला निदान वनवास मिळतो. मला मोरीजवळचा पाट मिळाला. तक्रार कोणाकडे करणार? सुधा पहिलटकरीण, सातवा लागलाय, जरा चालली की धाप लागते.

सकाळी तळवलीच्या शिबिराची बातमी वर्तमानपत्राला पाठवली. डॉक्टरबाई गावातल्या बायकांना सांगत होत्या, आई अर्धपोटी राहिली तर बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि अशी बाळं जास्त दगावतात, हे संशोधनात पुन्हापुन्हा दिसलंय. पोटभर जेवा, लोहाच्या गोळ्या घ्या. मी झकास लिहिलं. आणि दुपारी घरी पाहतो तर माझी थोरली बहीण अक्का सुधाला अर्धी पोळी वाढतेय.

"अक्के, गर्भिणीला अर्धी पोळी? हे कुठल्या शास्त्रात?"

"तुझं शास्त्र पेपरात ठेव. पोर पोटात वाढलं की अडतं. तू झालायस कधी बाळंत?"

सुधा हसली, मीही हसलो. अक्काचं पहिलं बाळ असंच अडून गेलं होतं. ते आठवलं आणि मी उठलो. ती अर्धी पोळी भीतीपोटी आहे, कळतं मला. तरी बोलायला हवं होतं. थट्टा करून उठलो कशाला?

दिवाळीपासून सुधा इथे आहे. तेव्हापासून अर्धीच? मी समोर बसून जेवत होतो ना? आज तिची नखं पाहिली, पांढरीफटक.

उद्या डॉक्टरबाईंकडे नेतो, अक्कालाही बरोबर घेऊन. पण गेलेल्या दिवसांत बाळ किती खुरटलं असेल, याची मला भीती वाटते.